डब्याखालचा आवाज

मामा गेल्याची बातमी घेऊन आमचे हे स्वतः डब्याच्या दारात आले. एरवी ते इकडे फिरकत नाहीत, काही लागलं तर दुकानातूनच हाक मारतात. मी शाळेच्या गणवेशाला बाही लावत होते. त्यांनी चौकट धरली, "दादा गेले… नांदेडहून फोन आला," म्हणाले आणि आत यावं की परत जावं ते न कळून तिथंच उभे राहिले. मी मशीन थांबवली, दिवा मालवला आणि त्यांच्या मागोमाग घरी गेले. रडू आलं ते पार संध्याकाळी, शेजारच्या बाईनं आणलेलं पिठलं-भाकरीचं ताट पुढं आल्यावर.

मामा म्हणजे माझे सासरे, हे त्यांना दादा म्हणायचे. सगळी नोकरी त्यांनी लाईनमन म्हणून खांबांवर काढली. वारंगा फाट्यावर आमचं घर, घरापुढे ह्यांचं किराणा दुकान, आणि दुकानाच्या मागे, हळदीच्या रानाच्या बांधाला, हा डबा. मामांमागचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि लगेच ह्यांनी विषय काढला की डबा भंगारात देऊन टाकू. रस्ता पुन्हा रुंद होणार म्हणतात, मग दुकान मागं सरकवावं लागणार, त्याला जागा पाहिजे. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण त्या डब्यात माझी शिलाई मशीन आहे, आणि डबा गेला की मी परत घरात. परत त्याच ओसरीवर, त्याच चार भिंतींत. तेव्हापासून मला झोप नाही, आणि मामांची आठवण येते तीही या काळजीत गुंतूनच येते.

डबा म्हणजे रस्त्याचं काम करणाऱ्या कुठल्याशा कंपनीनं साहेब लोकांना राहायला आणलेलं चाकांचं घर. बाहेरून पत्रा, आतून प्लायवूड, खाली लाकडी फळ्यांची जमीन आणि पुढे ट्रॅक्टरला अडकवायचा हूक. काम संपलं, कंपनी गेली, डबा इथंच राहिला. मामांनी रिटायर झाल्यावर तो घेतला आणि ट्रॅक्टरनं ओढून आणून बांधाला लावला. कशाला घेतला ते कुणालाच सांगितलं नाही. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "आता गावोगाव हिंडायचं असंल म्हाताऱ्याला." चाकं होती खरी, पण डबा त्यानंतर इथून कुठं गेला नाही. आम्हीही नाही.

मी कुरुंद्याची. लग्न झालं तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. शिवणकाम मी माहेरीच शिकले होते, आणि वडिलांनी लग्नात मशीनच दिली होती. ती सासरी आल्या आल्या कोठीत गेली आणि तिच्यावर पोत्यांची थप्पी लागली. मामी वाईट नव्हत्या. त्यांचं म्हणणं एकच होतं, "आमच्या सासूनं लोकाच्या दारात कामं केली. आता कुठं घराला नोकरी लागली. आपल्या घरातली बाई फाट्यावर बसून लोकाचे कपडे शिवणार न्हाई." त्यांच्या लेखी मला घरात ठेवणं हा मान होता. मला मात्र त्या मानात गुदमरायला व्हायचं. फाट्यावर दिवसभर गाड्या थांबायच्या, नांदेडच्या, हिंगोलीच्या, कुठल्या कुठल्या. मला फक्त हॉर्न ऐकू यायचे. पाण्याचा नळ अंगणात, भाजी ह्यांनी आणायची, महिनोन्महिने घराबाहेर पाय टाकायला कारणच नसायचं.

आणि मामा? त्यांच्याशी बोलायचा प्रश्नच नव्हता. सुनेनं सासऱ्यापुढे डोक्यावर पदर घ्यायचा, समोर बसायचं नाही, काही सांगायचं असेल तर मामींच्या मार्फत. तेही पाळायचे. घरात शिरताना दोनदा खाकरायचे, म्हणजे मी बाजूला व्हावं. मी केलेली भाकरी ते रोज खायचे, पण माझा आवाज कसा आहे हे त्यांना बहुधा ठाऊक नव्हतं.

मग ती वायरिंग निघाली. डब्यातल्या जुन्या वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या. पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. भिंती फोडल्या तर प्लायवूड वाया जाणार, म्हणून मामांनी ठरवलं, जुनी लाईन तोडून बंद करायची आणि नवी डब्याच्या खालून न्यायची. खालच्या लोखंडी चॅनलला, म्हणजे डबा पेलणाऱ्या आडव्या पट्टीला, पाईप बांधायचा, आणि जिथं पॉइंट पाहिजे तिथं फळीला भोक पाडून वायर वर घ्यायची. या कामाला एक माणूस खाली आणि एक वर लागतो. हे दुकानात अडकलेले, मामींचे गुडघे धरलेले. राहिले मी. मामींनी बराच विचार केला आणि परवानगी दिली. ते खाली, मी वर, मध्ये फळी… म्हणजे मर्यादेला धक्का नाही!

पहिला दिवस मुकाट्यानं गेला. भोकातून वायरीचं टोक यायचं, मी ओढायची, पुरे झालं की खालून दोन टिचक्या. दुसऱ्या दिवशी मी मधल्या खिडकीशी होते. खालून टिचकी नाही, आवाज आला.

"मशीनीला उजेड कोन्या बाजूनं लागतो?"

मी मागे वळून बघितलं. डब्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मशीन पोत्यांखाली पडून आहे, हे या माणसानं मनात ठेवलंय, आणि डबा कशासाठी आणलाय, हे दोन्ही मला एकदमच कळलं. "डावीकून," मी म्हणाले. सासऱ्याशी मी बोललेला पहिला शब्द हा. खाली डाव्या बाजूला भोक पाडायचं गिरमिट फिरायला लागलं.

पुढच्या एक-दोन दिवसांत आम्ही त्या भोकांतून बरंच बोललो. अंगठा जाईल एवढं भोक, पण मला त्याचं केवढं अप्रूप. मामा खाली उताणे पडून बोलायचे, मी वर गुडघ्यांवर बसून. समोरासमोर आलो की पुन्हा दोघंही मुके.

ज्या दिवशी काम संपायचं त्या दिवशी शेजारच्या रानात हळदीला पाणी चालू होतं. पाट फुटला असावा, कारण पाणी बांध ओलांडून गुपचूप डब्याखाली आलं. काळी जमीन ती, भिजली की लोण्यासारखी होते. डबा दगडांवर टेकवलेला होता, त्यातला दाराकडचा दगड खचला. मला एवढंच कळलं की पायाखालची फळी तिरपी झाली आणि खालून मामांच्या तोंडून "हां" असा आवाज आला, कोणी पाठीत बुक्की मारल्यावर येतो तसा.

"मामा!"

"हलू नको माय… दाराकडं तर बिलकुल येऊ नको. तू तिकडं पाय टाकला की चॅनल माझ्या छातीवर येतंय."

मी होते तिथं, मागच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून उभी राहिले. दार चार पावलांवर उघडं होतं, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि मला तिथवर जाता येत नव्हतं. ते खाली चिखलात अडकलेले, मी वर. मी अंग हलवलं तरी पत्रा कुरकुरायचा, आणि तो कुरकुरला की खाली त्यांचा श्वास थांबायचा. घामानं पदर ओला झाला. इतकी भीती मला नंतर बाळंतपणातही वाटली नाही.

"लई तकलीफ हून राहिली का?" मी विचारलं.

"श्वास येऊन राहिला. हात न्हाई हलत. कुणी येईस्तवर बोलत ऱ्हा, म्हंजे मला समजंल तू जागची हलली न्हाई."

पण बोलायचं काय? मग मामाच बोलत राहिले. "खांबावर बरं वाटायचं बघ. वर गेलं की कुणाचं ऐकाया लागत न्हाई. खाली उतरलं की ह्याचं ऐक, त्याचं ऐक." मग म्हणाले, "तुझ्या मामीला बालवाडीवर शिकवाया बोलावलं व्हतं, नवी नवरी असताना. चांगलं वाचता यायचं तिला. आमची माय न्हाई म्हणली. मी गप बसलो… तवापास्नं ती माझ्याशी कामापुरतंच बोलती." आवाज बारीक झाला होता. "पाणी कानाला लागून राहिलं, माय. आता आरड."

मला ओरडायची सवय नव्हती. सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जायचा नाही, हे मी लग्नापासून पाळलेलं. तरी जीव एकवटून ओरडले. काय ओरडले? "अहो!" नवऱ्याला बोलवायचं तर बाई आणखी काय म्हणणार? "अहोऽऽ! अहो, इकडं या!" फाट्यावर ट्रक, टमटम, प्रवासी, पन्नास पुरुष, आणि प्रत्येकाला वाटलं असणार की हाक दुसऱ्या कुणाला तरी आहे. ह्यांच्या दुकानात टेप जोरात लागलेला. मी घसा फाटेस्तोवर "अहो, अहो" करत राहिले, आणि खाली तो माणूस पाण्यात बुडत चालला होता. आज हसू येतं. तेव्हा मला दुसरं काही सुचतच नव्हतं, खरंच.

खालून आवाज आला, "नाव घे की त्याचं."

लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर ते नाव माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"घे माय. मी सांगून राहिलो ना."

"विलास!" मी ओरडले. "ओ विलासऽऽ!" टेप बंद झाला. पूर्ण फाटा वळून बघायला लागला असेल, कारण पाच-दहा माणसं एकदमच धावत आली, पुढे हे, मागे पंक्चरवाला जॅक घेऊन. डबा उचलेपर्यंत त्यांनी मला कोपऱ्यातून हलू दिलं नाही. मामांना ओढून काढलं तेव्हा ते चिखलानं ओळखू येत नव्हते. बरगड्या मोडल्या होत्या. मी दारात आले, आमची नजरानजर झाली, आणि सवयीनं मी पदर पुढे ओढला. त्यांनीही मान वळवली.

मामींनी दोन दिवस धीर धरला, मग बोलल्या. "सासऱ्याचा जीव वाचवला ते खरं. पन भर फाट्यावर नवऱ्याचं नाव? लोक काय म्हणून राहिलेत, ऐकलं का?" मी चुलीपाशी खाली मान घालून. बाजेवरून मामा म्हणाले, "मीच सांगितलं तिला."

मामींनी विचारलं, "तुमी? कवा? कसं?"

मामींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग मामा ह्यांना म्हणाले, "विलास, मशीन काढ पोत्याखालून. डब्यात ठिव. खिडकीपाशी." त्या घरात त्यांनी असं मोठ्यानं काही ठरवल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

तुम्हाला वाटेल, त्यानंतर सासरा आणि सून मोकळेपणानं बोलू लागले असतील. तसं काही झालं नाही. घरात तेच खाकरणं, तोच पदर. फक्त मधूनमधून मामा पोतं घेऊन निघायचे, "अर्थिंग बघून येतो" म्हणायचे आणि डब्याखाली पडायचे. खाली आता सिमेंटचे पक्के ठोकळे होते. "आज भाजीत मीठ न्हवतं. मामीला सांगू नको, तिनंच केली व्हती." "लेकराला शिकव. शिलाई येऊ दे, पन शिकव बी." मी मशीन मारता मारता उत्तर द्यायची. गिऱ्हाईक आलं की दोघंही गप्प. माझ्या आई-वडिलांशी मी बोलले नसेन तेवढं त्यांच्याशी बोलले, आणि त्यांचा चेहरा मला नीट आठवत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

शेवटी नांदेडच्या दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेले. खाटेच्या पायथ्याशी पदर घेऊन उभी राहिले. ते शुद्धीवर होते, बोलू शकत होते. नर्सकडे पाणी मागितलं त्यांनी. माझ्याशी काही बोलले नाहीत, मीही नाही. आमच्या मध्ये फळी नव्हती. भेटायची वेळ संपली आणि मी बसस्टँडवर आले… किती साधी गोष्ट होती, जवळ जाऊन "मामा" म्हणायचं. पण पाय उचलला नाही, जसा त्या दिवशी डब्यात उचलता येत नव्हता तसाच.

परवा भंगारवाला आला. हे त्याला डबा दाखवत होते, मामी काठी टेकत मागे आल्या होत्या. त्यानं पत्र्यावर टकटक केलं, टेप लावून लांबी मोजली. मी मशीनपाशी उभी होते. आता मशीन पुन्हा कोठीत जाणार, पोती वर रचली जाणार, आणि माझ्यासाठी बाजेवरून बोलणारं कोणी नाही. तोंडून शब्द निघाले तेव्हा मलाच दचकायला झालं.

"डबा विकायचा न्हाई."

ह्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. भंगारवाल्याला म्हणाले, "तुमी मोजा हो." मी पुन्हा तेच म्हणाले, तसंच, पायाजवळच्या फळीकडे बघत. मामी जवळ आल्या. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझी हनुवटी धरली.

"खाली काहून बघून राहिली?" त्या म्हणाल्या. "ते न्हाईत आता तिथं. वर बघ, आन् सांग ह्याला."

मी वर बघितलं आणि सांगितलं.