लॉगआऊट झाल्यावर गेलेला माझा मेसेज

परवा इथं एका ताईंनी विचारलं, 'मोठं काही लिहून पाठवावं तर साइट लॉगआऊट झालेली असते आणि लिहिलेलं सगळं जातं, काय करावं?' उपाय सोपा आहे ताई. आधी फोनच्या नोट्समध्ये लिहा, कॉपी करा, वरती आपलं नाव दिसतं का ते बघा, मगच 'पाठवा' दाबा. सुनेनं शिकवलं मला. पण हे लिहिता लिहिता हात थांबला... कारण माझा एक मेसेज असाच गेला होता, आणि तो मला कॉपी करता आला नाही म्हणून बरं झालं की काय, ते मला आजही कळत नाही.

मी देवळात गेले तरी अंगात येणाऱ्या बाईपासून दोन हात दूर बसणारी बाई. भूतखेत, संकेत, काही मानत नाही. आजही मानते असं नाही. फक्त घडलं ते सांगते.

आम्ही मूळचे उमरेडचे, हातमागवाले. आमचे हे मागावर बसायचे, मी बाजूला सुताच्या कांड्या भरायची. मग माग गेले आणि आम्ही मुलाकडे, मंगेशकडे, शहरात मनीषनगरला आलो. दोन वर्षांपासून यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग घर, मग मी. वाईट म्हणजे नावानं हाक मारली की घाबरून पळत सुटायचे. अंघोळीला तर रोज कुस्ती! एकदा वैतागून माझ्या तोंडून निघालं, "अहो, धागा तुटला!" मागावरची आमची जुनी हाक ती. धागा तुटला की विणणारा तिथंच थांबतो, तो जोडल्याशिवाय पुढं जात नाही. तर हे एकदम थांबले. हवेत बोटं फिरवून गाठ मारू लागले. तेवढ्यात मी दोन तांबे ओतून घेतले. हे मी कोणाला सांगितलं नाही, मंगेशलासुद्धा नाही. नवऱ्याला असं फसवून अंघोळ घालते हे काय सांगायचं?

आणि एका दुपारी हे घरातून गेले. गेट उघडं, चपला तिथंच. मंगेश गाडी घेऊन निघाला, पोलिसात सांगितलं, सून पल्लवीनं व्हॉट्सॲपवर फोटो फिरवला. त्यात नाव आणि मंगेशचा नंबर, बस. मग तीही शोधायला गेली, मी घरात एकटी. लोक तर नावानंच हाक मारतील, हे पळतील, आणि समोर रस्ता असेल...

तेव्हा मी टॅबलेट घेऊन याच फोरमवर लिहायला बसले. म्हटलं, विदर्भातले एवढे लोक वाचतात. सगळं लिहिलं. यांचं नाव, निळा बुशशर्ट, अनवाणी पाय. 'नावानं हाक मारू नका हो, मागून फक्त धागा तुटला म्हणा, ते थांबतील. पाणी द्या आणि मला फोन करा.' खाली माझा नंबर. 'पाठवा' दाबलं.

'आपण लॉगिन केलेले नाही.'

मागं गेले तर चौकट कोरी. पासवर्ड पल्लवीनं टाकलेला, मला कुठला ठाऊक! तिचा फोन लागेना. पुन्हा लिहायला बोटं चालेनात. टॅबलेट छातीशी धरून मी जमिनीवर बसून रडले. एवढं सांगितलं आणि कोणालाच ऐकू गेलं नाही...

दिवेलागणीला फोन वाजला. माझा फोन, मंगेशचा नाही.

"मावशी, मी कोराडीहून बोलून राहिली. काका सापडले वं! रडू नका, चहा पिऊन राहिले."

"कुठं होते ते?"

"बसमधून उतरून सरळ रस्त्याच्या मधात चालले होते. समोरून कोळशाचा ट्रक! मी नाव घेणारच होती, पण तुम्ही लिहिलं होतं ना, नाव घेऊ नका. म्हणून ओरडली, अहो, धागा तुटला! जागेवर थांबले बघा. ट्रक समोरून गेला अन् हे आपले हवेत गाठ मारून राहिले."

मी म्हटलं, "बाई, तू कुठं वाचलं हे?"

"फोरमवर. मी तिथं मेंबर नाही. लॉगिन न करता वाचते फक्त."

मंगेशनं यांना घरी आणलं. तिथून निघताना त्यानं त्या बाईचा फोन बघितला, त्यात माझा मेसेज नव्हता. तिलाच नवल वाटलं. "आता तर होतं गा इथं!" असं म्हणाली. फोरम चालवणाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, लॉगिनशिवाय काही येतच नाही आमच्याकडे, आणि तुमच्या नावानं त्या दिवशी काहीच नाही. तुम्ही सगळे वाचणारे तर त्या दिवशी इथंच होतात. तुमच्यापैकी कोणी तो मेसेज वाचला होता का?

मंगेश म्हणाला, "आई, तूच कोणाले तरी फोनवर सांगितलं असशील अन् विसरली."

"विसरणारे तुझे बाबा. मी नाही."

पल्लवी हसली, मग तिनं पासवर्ड मला कागदावर लिहून दिला.

आता उत्तर शोधायची ताकद नाही राहिली. कारण गेल्या महिन्यापासून 'धागा तुटला' म्हटलं तरी यांची बोटं हलत नाहीत. भिंतीकडे बघत बसतात. घास तोंडात तसाच राहतो. मी कानाशी जाऊन म्हणते, ओरडून म्हणते... काही नाही. डॉक्टर म्हणतात, आता असंच.

म्हणून ताई, उपाय तुम्हाला सांगितला, पण मी स्वतः तो नेहमी पाळत नाही. दुपारी हे झोपले की मी मुद्दाम लॉगआऊट होते आणि लिहिते, 'आता काय हाक मारू, म्हणजे हे परत वळतील?' खाली नंबर टाकते. 'पाठवा' दाबते. चौकट कोरी होते.

फोन मी जवळच ठेवते.