नाक्यावरची अदलाबदल

आमच्या घरात रविवार नावाचा वार नाही. मी लोणावळ्यात एका हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करते. सगळं जग सुट्टीवर येतं तेव्हा आम्ही कामावर जातो. नवरा तळेगावला कारखान्यात. माझी सुट्टी मंगळवारी, त्याची गुरुवारी आणि लेकीच्या शाळेला सुट्टी रविवारी. एका छपराखाली राहून तिघांची नीट गाठ पडते ती गणपतीत, तीही धावतपळत.

त्यावर आम्ही काढलेला तोडगा म्हणजे नाक्यावरची अदलाबदल. त्याची दुपारची पाळी असली की तो आठ वर्षांच्या लेकीला घेऊन वलवणच्या नाक्यावरच्या शेडमध्ये कंपनीच्या बसची वाट बघत उभा राहतो. मी सकाळची ड्युटी संपवून तिथे पोचते. लेक आणि घराची किल्ली माझ्या ताब्यात येते, तो बसमध्ये चढतो. संसाराचं बोलणं तेवढ्यात उरकायचं. "खोकल्याचं औषध दिलंय." "बरं."

जुलैतल्या एका रविवारी भुशीच्या रस्त्यावर गाड्या अशा तुंबल्या की माझी रिक्षा जागची हलेना. नवऱ्याचा फोन आला. "कुठे आहेस? बस दिसतेय."

"आलेच, दोन मिनिटं."

खोटं बोलायचं म्हणून नाही हो बोलले. आपण सगळेच म्हणतो. रस्त्यात अडकलेला माणूस आपल्याकडे कायम 'आलोच' असतो.

त्याने बिचाऱ्याने विश्वास ठेवला. बस कुणासाठी थांबत नाही. थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला, 'बसलो. ती शेडमध्ये आहे, किल्ली तिच्याकडे.' मी फोन लावला तर लागेना.

रिक्षा सोडली आणि पळत सुटले. पाऊस, हॉर्न, गाडीच्या छतातून डोकी बाहेर काढून ओरडणारी पोरं. ज्यांच्या जिवावर आमचं पोट चालतं त्या सगळ्यांचा मला संताप आला. मग नवऱ्याचा आला. स्वतःचा यायला नाका दिसावा लागला. एवढ्या अनोळखी गाड्या, त्यात कुणी काच खाली करून तिला काही विचारलं तर? मला शोधायला ती हायवे ओलांडायला निघाली तर? मन चिंती ते वैरी न चिंती.

शेडमध्ये ती नव्हती. मी हाका मारत शेडभोवती फिरले.

"अगं, हितं हाय तुजी लेक," भाजलेली कणसं विकणारी मावशी हातगाडीमागून ओरडली. "कशापायी एवढी पळतीस?"

लेक उलट्या पाटीवर बसून कणसं सोलत होती. मी तिला छातीशी धरलं आणि भर नाक्यावर रडले. ती रडली नाही.

"घाबरलीस ना गं?"

"थोडीशी. बाबा म्हणाले, आई दोन मिनिटांत येतेय. म्हणजे वेळ लागणार. म्हणून इथे येऊन बसले."

मावशी खो खो हसली. "लय शानी हाय पोरगी!"

शहाणी आहेच. मलाही हसू यायला हवं होतं, पण मी धास्तावले. ती चिडली असती, रुसली असती तर मी समजूत काढली असती. तिची काही तक्रारच नव्हती. आईबापाचा शब्द किती धरायचा, याचा हिशेब तिने केव्हाच करून टाकला होता, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

घरी आलो. ओले कपडे बदलून मी खिचडी लावली.

"आई, भूक लागलीय. किती वेळ?"

'दोन मिनिटं' अगदी ओठावर आलं होतं. ते गिळून मी म्हटलं, "तीन शिट्ट्या झाल्या की वाढते. नक्की."

तिने मान हलवली. मग गॅसपाशी येऊन उभी राहिली आणि बोटांवर शिट्ट्या मोजू लागली.