आबांचा फोटो उघडेना

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. तेव्हाही नव्हता. तरी एकदा भर दिवसा, लोणीच्या बाजूला एका फोटो स्टुडिओत, मी खुर्ची मागे सारून बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिलो होतो आणि परत आत जायला माझे पाय तयार नव्हते. ते कशानं झालं ते नंतर कळलं. कळल्यावर मी काय केलं, ते मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही.

दोन हजार सालच्या पुढची दोन-तीन वर्षं धरा. आळेफाट्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. एका अंगाला ट्रकचं गॅरेज, दुसऱ्या अंगाला मिसळीचं हॉटेल. गॅरेजवाला मला म्हणायचा, "राव, आमच्या हाताला ग्रीस तरी लागतंय. तुमी नुसती फुंकर मारता." खोटं नव्हतं. निम्मी मशीनं धूळ झटकली की सुरू व्हायची. पण पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स करून आलेलो, आणि ओतूरपासून मंचरपर्यंत कुणाचं मशीन बसलं की फोन मलाच यायचा. ते डोक्यात गेलं होतं.

तो स्टुडिओवाला माझं जुनं गिऱ्हाईक. लग्नाचे अल्बम, शाळेचे फोटो, यात्रेतल्या बैलगाड्यांचे फोटो, हा त्याचा धंदा. उन्हाळ्यात त्याने जुन्या मशीनमध्ये मेमरी वाढवून घेतली. मेमरी म्हणजे काम करताना कॉम्प्युटर जे हाताशी धरून ठेवतो, ती जागा. हिरवी चपटी पट्टी असते, खाचेत दाबून बसवायची. त्याची जुनी पट्टी संथ होती, मी आणलेली नवी वेगवान. अशा वेळी दोन्ही पट्ट्यांचा वेग जुनीच्या बेतानं ठेवायचा असतो, हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण हा पठ्ठ्या मानेवर बसलेला. "भाऊ, पळली पायजे बरं का. घाटात बारी पळती तशी."

घाट म्हणजे यात्रेत बैलगाडे पळवायचा चढ, आणि बारी म्हणजे चार बैलांची एक धाव. आमच्याकडे बैल पळवायची रीतच अशी आहे. चारांत एक म्हातारा असला तरी त्याला जुंपायचा आणि नव्या खोंडाच्या बरोबरीनं हाणायचा. लोकांची नजर घड्याळावर, बैलाकडे बघतो कोण. मीही त्याच मातीतला. मी सेटिंगच्या पानावर जाऊन वेग नव्या पट्टीचा ठेवून दिला. दोन फोटो उघडून बघितले, झटकन उघडले. तो खूश, मी त्याहून खूश.

आखाडात त्याचा फोन आला. "भाऊ, एक मयताचा फोटू हाय. त्यो उघडला की मशीन मरतंय. बाकी समदं चालतंय."

मी हसलो. "मयताचाच का? लग्नातले उघडतात का?"

"उघडत्यात. हसू नका राव. तुमी या."

गेलो. आभाळ भरून आलेलं, पण थेंब नाही, वारा नाही. त्या बाजूला आखाडात असं नुसतं दाटून येतं आणि आठ-आठ दिवस काही घडत नाही. मोटारसायकलीवरून जाताना रस्त्याला माणूस दिसलं नाही. स्टुडिओत दिवसाही अंधार असायचा, खिडकीला काळा कागद लावलेला.

मयत माणूस म्हणजे जवळच्याच मळ्यातला एक पन्नाशीचा शेतकरी. सगळे त्याला आबा म्हणत. सकाळी बैल सोडायला गेला आणि गोठ्यातच गेला. जन्मभर फोटोला उभा राहिला नव्हता. कॅमेरा दिसला की तोंड फिरवायचा. शोधून शोधून एकच फोटो निघाला, भावकीतल्या लग्नातला. मांडवाच्या कडेला, वीसेक माणसांच्या मागे, नखाएवढा चेहरा. दहाव्याला नदीवर हार घालायला फोटो पाहिजे, म्हणून स्टुडिओवाल्याने तो चेहरा खूप मोठा करून कॉम्प्युटरमध्ये घेतला होता.

मी फोटो उघडला. वरून खाली एकेक ओळ येऊ लागली. टोपी, कपाळ, भुवया. डोळे आले आणि तिथंच थांबलं. पडदा निळा झाला, पांढरी अक्षरं आली, मशीन बंद. परत चालू केलं. या खेपेला नाकापर्यंत आला आणि गेला. तिसऱ्या खेपेला सगळा आला. पण नाकाखालचा चेहरा बोटभर उजवीकडे सरकलेला. तोंड गालाच्या बाहेर, हिरव्या रेघांमध्ये. आणि वरचे डोळे शाबूत, सरळ माझ्याकडे बघत होते. मी माउस सोडून दिला.

"ह्ये बघा," असं म्हणत स्टुडिओवाल्याने दोन दिवसांपूर्वी जपून ठेवलेली दुसरी प्रत उघडली. तिच्यात ओठ फाकलेले दिसत होते. "मी साफ करून ठिवला तवा तोंड मिटल्यालं व्हतं. आईची आण."

मी एका नवरीचा फोटो उघडला. ठीक. बैलाचा उघडला. ठीक. परत आबांचा उघडला, आणि पडदा निळा. तेव्हाच मी बाहेर येऊन उभा राहिलो. अंगावर काटा आलेला, आणि तो त्याला दिसू नये म्हणून मी उगाच गाडीचा प्लग काढून बघत बसलो.

मशीन दुकानात घेऊन आलो. दिवसभर चालवलं. गाणी लावली, गेम लावले, त्याचे लग्नाचे अल्बम उघडून ठेवले. एकदाही बंद पडलं नाही. खरं सांगायचं तर एक गोष्ट केली नाही, आबांचा फोटो उघडला नाही. दोनदा हात त्या फायलीवर गेला आणि दोन्ही वेळा मला काहीतरी दुसरं काम आठवलं. शहाणा म्हणवणारा माणूस मी! केबली बदलल्या, धूळ पुसली, आणि झालं म्हणून सांगितलं.

नवव्या दिवशी सकाळी मशीन परत घेऊन गेलो. लाईट एक वाजता जाणार होती, त्याच्या आत फोटो छापून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी दहावा. स्टुडिओत दोन माणसं येऊन बसलेली होती. आबांचा धाकटा भाऊ, आणि आबांची मुलगी. मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची, हातात रुमाल गुंडाळलेला.

स्टुडिओवाल्याने मला दारात अडवून हळूच सांगितलं. पोरीचा पुण्याला नर्सिंगला नंबर लागला होता. सोमवारी तिथं हजर झालं तर जागा तिची, नाहीतर पुढच्या नंबराची. आबांचा विरोध होता. त्यांनी पारगावला एक स्थळ जवळजवळ कबूल केलं होतं. "गेलं त्या सकाळीबी दोघांचं वाजलं व्हतं. तेव्हापास्नं ती न्हाई धड जेवली."

मी फोटो उघडला. टोपी, कपाळ, डोळे. मग ते सरकलेलं तोंड. पोरीनं ते बघितलं. तिनं हातातला रुमाल घट्ट धरला. मग पडदा निळा झाला.

चुलता म्हणाला, "त्याला फोटूत यायचंच न्हाई. मन अडाकलंय त्याचं."

कावळा पिंडाला शिवेना की नदीवर जे करतात, ते या माणसानं तिथं कॉम्प्युटरपुढे सुरू केलं. एकेकानं पुढं व्हायचं आणि मयताला शब्द द्यायचा. ज्या शब्दाला कावळा शिवेल ती त्याची राहिलेली इच्छा. चुलत्यानं हात जोडले. "दादा, वैनीला अंतर देणार न्हाई. इहिरीचं काम पुरं करतो."

मी तेवढ्यात मशीन परत सुरू करून सेटिंगच्या पानावर गेलो होतो. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. तिथं मेमरीचा वेग दिसला. तो आकडा मीच ठेवला होता. सगळं एका क्षणात उलगडलं. बाकी फोटो लहान, नव्या पट्टीत मावायचे. आबांचा फोटो एवढा प्रचंड की दोन्ही पट्ट्या काठोकाठ भरायच्या, आणि जुनीला तो वेग झेपायचा नाही. मग ती धरलेलं सोडायची, कधी डोळ्यांपाशी, कधी तोंडापाशी. साफ करून जपून ठेवलेलंही तिनंच बिघडवलं होतं. भूत नव्हतं की इच्छा नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते माझं होतं. मी वेग खाली आणला आणि मशीन सुरू केलं.

त्या काळी मशीन सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागायची. चुलत्याचे शब्द देऊन संपले, पडद्यावर काही नाही. मग तो पोरीकडे वळला. "आता तूच बोल बाई. त्याचा जीव तुझ्यातच अडाकलाय."

मशीन तयार झालं होतं. मूळ फोटोची फाईल समोर होती, माझं बोट माउसवर. मी तेव्हाच उघडायला पाहिजे होती. पण पोरगी उभी राहिली, तिनं डोईवर ओढणी घेतली, आणि माणूस मयताशी बोलत असताना मधे क्लिक कोण करतं? मी थांबलो.

"आबा," ती म्हणाली, "मी पुण्याला जात न्हाई. तुमी म्हणला तिथं करते."

मी बटण दाबलं. टोपी आली, कपाळ आलं, डोळे आले, नाक आलं, आणि मग ओठ. मिटलेले, जागच्या जागी. चेहरा पुरा झाला आणि तसाच राहिला. चुलत्यानं डोक्यावरची टोपी काढली. स्टुडिओवाल्यानं उदबत्ती आणून कॉम्प्युटरपुढे लावली. पोरगी वाकून पडद्याच्या पाया पडली. आणि खोटं कशाला बोलू, एक क्षणभर मलाही वाटलं की ते ऐकूनच उघडलं.

मेमरीचं सेटिंग चुकलं होतं आणि ते मी चुकवलं होतं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही. स्टुडिओवाला साऱ्या तालुक्यात सांगेल, ही धास्ती होती. भावकीत आपण कशाला पडा, असंही मनाला सांगितलं. सोमवारपर्यंत चार दिवस होते. रोज वाटायचं, आज जाऊन सांगू. सोमवारी मी दुकानाचं शटर उघडलं, मिसळ खाल्ली, आणि एक प्रिंटर दुरुस्त केला. संध्याकाळी मनात आलं की जागा आता दुसऱ्या पोरीला गेली असणार, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची मला आजही लाज वाटते.

आबांचं वर्ष व्हायच्या आत लग्न उरकलं, तुळशीचं लग्न झाल्यावर लगेच.

चार वर्षं गेली. पारगावहून एक बोलावणं आलं, घरातला कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणून. गेलो तर दार तिनंच उघडलं. अंगानं वाळलेली, कडेवर मूल. मी ओळख दाखवली नसती, पण तिनं ओळखलं. काम दहा मिनिटांत झालं. ती चहा घेऊन आली आणि खाली बसली. मागच्या खोलीत सासू कुणावर तरी तोंड टाकत होती.

"भाऊ, तुमीच ना त्या दिशी मशीनवर व्हता? आबा आलं तवा?"

मी हो म्हणालो.

"मी कुनाला बोलत न्हाई. पर लई जड जातं हितं कवाकवा. बॅग भरून निघावं वाटतं. मग म्हणते, न्हाई, आबांनी सोता मागितलंय. मरून गेल्यावर मागाया आलं. त्याच्यावर ऱ्हाते मी हितं."

तिनं हे असं सांगितलं की मला ते सहन होईना. मला वाटलं, आता खरं सांगितलं तर निदान ही मोकळी होईल. निघायचं तर निघेल. म्हणून मी सगळं सांगितलं. जुनी पट्टी, नवी पट्टी, वेग, माझी चूक. ती बोलण्याआधीच मी ते नीट केलं होतं हेही सांगितलं. ती शाळेतल्यासारखी मन लावून ऐकत होती.

"म्हंजे मी काय बी बोलले नसते, तरी उघडला असता?"

"हो."

"आन् पुण्याला जाते म्हणले असते, तरी?"

"तरी."

तिनं मुलाचं नाक पुसलं. बराच वेळ पुसत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, ह्ये तुमी तवा सांगायचं व्हतं. सोमवारच्या आत. न्हाई सांगितलं, तर मग मरस्तवर सांगायचं न्हवतं."

मागून सासूची हाक आली. ती मुलाला घेऊन उठली, आणि आत जाताना दार लोटून गेली.