खिडकीतली रेंज

आमच्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते. म्हणून आईचा फोन तिथे ठेवून त्याच्या हॉटस्पॉटवर मी लॅपटॉप चालवते. आज ऑफिसची एक फाइल जाता जात नव्हती. हॉटस्पॉट बंद करून पुन्हा लावला, लॅपटॉप रीस्टार्ट केला. तेवढ्यात आईने खिडकी पुसायला फोन उचललेला दिसला आणि मी ओरडलेच, "हलवू नकोस गं! आहे तिथेच धर!"

तासाभराने कळलं, लॅपटॉपच मागच्या मागे माझे जुने फोटो नेटवर कुठेतरी चढवत बसला होता. ते थांबवलं आणि फाइल लगेच गेली. माझा थकवाही असाच असावा. समोर काम एकच दिसतं, पण आत न सांगता काय काय चालू असतं, आणि मी चिडते जवळच्या माणसावर.

सांगायला आत गेले तर आई खिडकीशी उभीच होती. आरतीचं तबक धरावं तसा फोन दोन्ही हातांत. मावशीचा रोजचा चारचा फोनही तिने घेतला नव्हता, बोलताना नेट तुटतं म्हणून.

"झालं का तुझं?" तिने विचारलं. "मग बसू का आता?"