आईच्या आवाजाचं रेकॉर्डिंग

नीलगिरीच्या तेलाचा वास आला की डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत बसलेली आई आठवते. ती रायपूरजवळच्या बीरगांवच्या प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि शेजारच्या कारखान्यांच्या खडखडाटात ओरडून ओरडून तिचा घसा बसला तो उठेचना. रायपूरच्या एका दवाखान्यात आवाजाच्या नव्या उपचाराची चाचणी सुरू होती. अर्ध्या रुग्णांना नवा उपचार, अर्ध्यांना नेहमीचा, आणि कोणाला कोणता ते चिठ्ठी काढून ठरणार. “मले जुनाच आला तर?” आईनं कुजबुजत विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ताई, नवा खरंच चांगला आहे का, तेच तर आम्ही पाहून राहिलो.” आईनं सही केली. आधी आवाज रेकॉर्ड करायचा होता. माइकपुढं बसवून मशीनवरची मुलगी म्हणाली, “कुछ भी बोलिए मैडम, एक मिनट.” आईनं एकदम वर्गाची हजेरी सुरू केली. पाठ असलेलं एकेक नाव फाटक्या आवाजात घ्यायची आणि उत्तरासाठी थोडं थांबायची. मिनिट कधीच संपलं होतं, पण त्या मुलीनं शेवटच्या नावापर्यंत मशीन बंद केलं नाही. आईच्या वाट्याला नेहमीचाच उपचार आला. आवाज पुरता नाही, पण वर्गापुरता परतला, आणि निवृत्तीपर्यंत ती शिकवत राहिली. आता ती नाही. घरी तिचे फोटो पुष्कळ आहेत, आवाज कुठेच नाही. दवाखान्यात तो नावाऐवजी एका नंबराखाली ठेवला होता, आणि तो नंबर आम्ही कधी विचारलाच नाही.