डोळ्यात घातलेले थेंब

नाकातोंडावर मास्क होता तर आजार आत शिरला कसा, असं तुम्हीसुद्धा तिला विचारलं असतंत की नाही?

गोव्यातल्या साखळीच्या सत्यवतीला साऱ्या वाड्याने विचारलं. करोनात ती एका आजारी म्हातारीच्या सेवेला जायची. पेज भरवताना म्हातारी थेट तिच्या चेहऱ्यावर खोकायची. सत्यवती आजारी पडली, मागोमाग नवरा कृष्णनाथ पडला, आणि तो गेला. "गजाली मारायला मास्क खाली ओढला असणार," असं ठरवून लोक मोकळे झाले. शेजारी राहणाऱ्या धाकट्या जावेने, विनिताने, येणं सोडलं. पाववाला पोदेर अजून फाटकाला पाव अडकवतो, हॉर्न वाजवतो आणि निघतो.

परवा डोळे आले म्हणून तिने औषधाचे थेंब घातले. थोड्या वेळाने घसा कडू झाला. ती बसल्या जागी थबकली. डोळ्यातलं नाकात उतरतं, नाकातलं घशात. आणि म्हातारी खोकायची तेव्हा डोळे तर उघडेच होते.

ती तशीच कुंपणाशी गेली.

"विनिते, मी मास्क काढला नव्हता गो. डोळ्यांतून आलं असेल."

"असेल, वयनी. आता कळून भावोजी परत येणार आहेत?"

"ते नाही येणार. तू तरी ये."

विनिताने दोरीवरचे कपडे गोळा केले आणि ती आत गेली.

तेव्हा आजाऱ्याजवळ बसाल तर डोळेही झाका. आणि साखळीला आलात तर त्या फाटकावरून तसेच पुढे निघून जाऊ नका. आत जा, तिच्या हातचा चहा घ्या.