पायातून निसटणारी चप्पल

माझ्या मुलीच्या पायातली चप्पल सारखी निसटायची आणि माझं डोकं फिरायचं. नंदनवन कॉलनीतल्या आमच्या घराच्या जिन्यावर एक चप्पल पडलेलीच असे. "काहून पाय घासत चालून राहिली वं? पाय उचलून टाक नं!" मी गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडायचो. पोरगी चोवीस वर्षांची, मिहानमधल्या कंपनीत नोकरीला. ती हसून मागे फिरायची, चप्पल अडकवायची आणि निघायची. तिच्या पायातला जोर चाललाय, हे माझ्या गावीही नव्हतं.

ऑफिसात दोनदा तोंडावर पडली, तेव्हा कुठे धंतोलीतल्या दवाखान्यात दाखवलं. तपासण्या झाल्या, जीनचा रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी तो वाचला आणि आधी एवढंच विचारलं, "तुम्ही दोघं नवराबायको नात्यातले का?"

"हो नं! सख्ख्या मामाची पोरगी आहे माझ्या," मी छाती फुगवून सांगितलं. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. आजवर कुणीही विचारलं की मी असंच सांगत आलो. बाजूला बसलेली बायको या वयातही लाजली.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, शरीर स्वतःच एक साखर तयार करतं, सियालिक आम्ल. ती पेशींच्या बाहेरच्या अंगावर असते. हिच्या शरीरात ती पुरेशी बनत नाही, म्हणून स्नायू झिजताहेत. आधी पावलं, मग हात. काही वर्षांनी चाकाची खुर्ची लागू शकते. बिघडलेला जीन आईबापांपैकी एकाकडूनच आला असता, तर हिला काही झालं नसतं. तो आम्हा दोघांकडून आला होता, बहुतेक आमच्या एकाच आजी-आजोबांकडून.

बापरे! "मग ती साखर खायला द्या नं मॅडम! कुठूनही आणतो!" मी जवळजवळ भांडलोच त्यांच्याशी.

"तसे प्रयत्न झालेत. पण भरवशाचं औषध अजून नाही," त्या म्हणाल्या. बायकोनं तोंडाला पदर लावला. ज्या गोष्टीची आयुष्यभर फुशारकी मारली, तीच माझ्या लेकराच्या पायात उतरली होती. मला माझीच किळस आली.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना पोरीची चप्पल निसटून वरच्या पायरीवर राहिली. तिनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. मी चप्पल उचलली, खाली बसलो आणि तिच्या पायात घालायला लागलो. पाऊल हातात धरलं तर ते नुसतं लोंबत होतं.

"ओरडा नं बाबा," ती म्हणाली. "तुम्ही चूप राहिले की मले भेव वाटते."